नोटेशनची फाइल उघडेना, तेव्हा काय करायचं: नव्यानं या कामात येणाऱ्यांसाठी

नोटेशनची फाइल उघडली नाही की बहुतेक जण ती पुन्हा पुन्हा उघडून बघतात. सॉफ्टवेअर जे विचारेल त्याला ‘होय’ म्हणत जातात आणि पडद्यावर जे अर्धवट दिसेल ते घाईनं सेव्ह करून टाकतात. मूळ बिघाडानं जितकं काम जात नाही, तितकं या सेव्हनं जातं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी हे सगळ्यात आधी सांगते: फाइल बिघडली की सेव्हच्या बटणाला हात लावायचा नाही.

मी सोलापुरात स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) ऐकून, लिहून, कॉम्प्युटरवर उतरवून देते. लग्नाचे ब्रास बँड, शाळांची बँडपथकं, चर्चचे क्वायर अशी मंडळी येतात. इथल्या बँडच्या गाण्यांची यादी दुसऱ्या गावात सहसा बघायला मिळत नाही. एकाच वरातीत मराठी, हिंदी, तेलुगू आणि कन्नड गाणी लागतात. त्यातली बरीचशी छापील मिळतच नाहीत. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून सूर पकडायचे, मग बी-फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रंपेटसाठी, ई-फ्लॅट सॅक्सोफोनसाठी वेगळे पार्ट काढायचे. म्हणून फाइल गेली तर नुसतं टायपिंग जात नाही, ऐकण्याचे सगळे तास जातात. लग्नसराईत आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या सुमाराला तर पुन्हा ऐकायला कुणाकडेच वेळ नसतो.

म्हणून पहिलं काम: ज्या फोल्डरमध्ये ती फाइल आहे, ते अख्खं फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करा. नुसती फाइल नको, फोल्डरच हवं, लपवलेल्या फायलींसकट. आपल्याकडे बहुतेक जण म्युझस्कोअर वापरतात, कारण ते फुकट आहे आणि मुक्तस्रोत आहे. हे सॉफ्टवेअर तुम्ही सेव्ह करता तेव्हा त्याआधीची प्रत बाजूला ठेवतं. तिसऱ्या आवृत्तीत ही प्रत त्याच फोल्डरमध्ये लपवलेली असते, नावाच्या सुरुवातीला टिंब आणि शेवटी स्वल्पविराम असतो. चौथ्या आवृत्तीत ती ‘एमएससीबॅकअप’ या लपवलेल्या उपफोल्डरमध्ये जाते आणि नावाच्या शेवटी नागमोडी खूण असते. पण ही प्रत एकच, शेवटच्या सेव्हच्या आधीची. बिघडलेली फाइल उघडून तुम्ही एकदा सेव्ह केलंत, की चांगल्या प्रतीच्या जागी बिघडलेली जाऊन बसते. सेव्ह करू नका म्हणून मी कानीकपाळी ओरडते ते यासाठी.

विंडोजमध्ये फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपवलेल्या फायली दाखवायला सांगा. ती प्रत सापडली की तिची कॉपी करा, नावातली जादाची चिन्हं काढा, शेवटी फक्त ‘एमएससीझेड’ (.mscz, म्युझस्कोअरच्या फाइलचं नेहमीचं शेपूट) राहू द्या आणि उघडा. माझ्याकडे ‘सगळं गेलं’ म्हणत आलेल्या कित्येकांचं काम इथंच संपलं आहे. याशिवाय ऑटोसेव्हची प्रत असते. चौथ्या आवृत्तीत मूळ नावापुढे ‘ऑटोसेव्ह’ असं शेपूट लावलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये दिसते. तिची कॉपी करून शेपूट काढून टाका. कधीकधी तिच्यात बॅकअपपेक्षा नवं काम मिळतं. सिबेलियस आणि डोरिको वापरणाऱ्यांनाही हीच वाट आहे. दोन्ही सॉफ्टवेअर बॅकअपचं वेगळं फोल्डर ठेवतात आणि त्यात एकाऐवजी मागच्या अनेक प्रती असतात.

बॅकअप मिळाला नाही तर बिघडलेल्या फाइलचं दुखणं ओळखायचं. आधी फाइलचा आकार बघा. शून्य केबी असेल तर तिच्यात काहीच उरलेलं नाही, तिच्यामागे वेळ घालवू नका. आकार ठीक वाटत असेल तर कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला ‘पीके’ ही दोन इंग्रजी अक्षरं आणि पुढे अगम्य चिन्हांचा पसारा दिसला तर आशा आहे. सगळं कोरं असेल तर आकार कितीही असो, आत नुसती शून्यं आहेत.

ही कोरी फाइल होते कशी, ते समजून घ्या, कारण आपल्या गावात तिचं पीक एप्रिल-मे महिन्यांत येतं. दिवसभर ऊन तापतं, संध्याकाळी वळवाचं वारं सुटतं आणि वीज जाते. तुम्ही सेव्ह दाबता तेव्हा विंडोज मजकूर लगेच डिस्कवर लिहीलच असं नाही, तो काही क्षण मेमरीत थांबतो. फाइल किती लांबीची आहे याची नोंद मात्र आधी होऊ शकते. तेवढ्यात वीज गेली तर नोंद राहते आणि मजकूर पोचतच नाही. अशा फाइलवर कुठलंही रिपेअरचं सॉफ्टवेअर चालत नाही, कारण दुरुस्त करायला आत काही नसतंच. पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका.

आता ‘पीके’वाली फाइल. ही दोन अक्षरं झिपची, म्हणजे अनेक फायली दाबून बांधलेल्या गाठोड्याची खूण आहे. म्युझस्कोअरची फाइल म्हणजे एक झिपच असते. तिच्या आत शेवटी ‘एमएससीएक्स’ (.mscx) असलेली फाइल असते, साध्या मजकुरात लिहिलेली, आणि तुमचे सगळे सूर तिच्यात असतात. कॉपीच्या नावात शेवटी ‘झिप’ करा आणि सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या सॉफ्टवेअरनं उघडा. ‘एमएससीएक्स’ बाहेर काढता आली तर ती थेट म्युझस्कोअरमध्ये उघडून बघा. काढताना ‘मजकूर अचानक संपला’ अशी चूक आली तरी जेवढं बाहेर आलं तेवढं ठेवा आणि नोटपॅडमध्ये उघडा. या फाइलची रचना अशी असते की आधी पहिल्या स्टाफचे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे बार, मग दुसऱ्या स्टाफचे, मग तिसऱ्याचे. त्यामुळे फाइल शेवटाकडून तुटली असेल तर वरची वाद्यं पूर्ण मिळतात आणि खालची जातात. बँडच्या कामात हा मोठाच दिलासा आहे, कारण चाल बहुतेक वेळा वरच्या क्लॅरिनेटकडे किंवा ट्रंपेटकडे असते. बास आणि साथ पुन्हा बसवता येते.

तुटलेली एमएससीएक्स हातानं जुळवायची असेल तर शेवटचा अर्धवट बार पुसून टाका आणि उघडे राहिलेले कंस (म्हणजे <Staff> सारख्या खुणा) क्रमानं बंद करा: आधी स्टाफ, मग स्कोअर, मग सगळ्यात बाहेरचा. कंस कसे बंद करतात ते कळण्यासाठी शेजारी एखादी चांगली फाइल उघडी ठेवा आणि तिच्या शेवटच्या ओळी बघून लिहा. संगीताच्या मुलांना हे परकं वाटतं, पण दोन-तीनदा केलं की हात बसतो. संगीताचं नोटेशन वाचणाऱ्याला हे वाचणं जड नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त भेटतो. फाइल उघडते, पण म्युझस्कोअर सांगतं की ती करप्ट आहे, आणि तपशिलात बार आणि स्टाफचा नंबर देतं: अमुक बारमध्ये ४/४ हवं, सापडलं १७/१६. म्हणजे त्या एका स्टाफवर त्या बारमध्ये मात्रांची बेरीज चुकली आहे. माझ्या पाहण्यात हा घोळ बहुतेक वेळा ट्रिप्लेटच्या आसपास किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या फायलींत असतो. अशा वेळी घाबरू नका. तपशिलाचा फोटो काढून ठेवा, ‘तरीही उघडा’ म्हणा आणि लगेच नव्या नावानं सेव्ह करा. सेव्हला बंदी आहे ती जुन्या नावावर.

आता तो बार. सूर पुसून नुसती विश्रांती ठेवली तर आतली बेरीज बरेचदा चुकलेलीच राहते. मी असं करते: त्या बारच्या शेजारी एक नवा कोरा बार घालते. जे स्टाफ नीट आहेत त्यांचे सूर एकेक करून नव्या बारमध्ये कॉपी करते. बिघडलेल्या स्टाफचे सूर मात्र कॉपी करत नाही, जुन्या पीडीएफमधून बघून हातानं पुन्हा लिहिते, कारण कॉपी केली तर रोगही बरोबर येतो. मग जुना बार कंट्रोल-डिलीटनं मुळासकट काढते. फाइल बंद करून पुन्हा उघडते. तक्रार आली नाही तर पुढच्या बारकडे. आधी जवळच्या दोन-तीन बारांत टाय किंवा स्लर एका बारमधून दुसऱ्यात गेलेली आहे का ते बघून ठेवा. ती तुटते आणि पुन्हा लावावी लागते.

काहीच हाती लागलं नाही तर मशीन सोडून माणसांकडे जा. बँडमास्तरांच्या व्हॉट्सअॅपवर तुम्ही पाठवलेली जुनी फाइल असते. क्वायरच्या ताईंकडे पीडीएफ असते. तुमच्या ईमेलच्या ‘सेंट’मध्येही काहीतरी सापडतं. पीडीएफ चांगली असेल तर ऑडिव्हेरिस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर छापील स्टाफ वाचून म्युझिकएक्सएमएल, म्हणजे नोटेशन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याची फाइल, बनवतं. चुका निघतात, मराठी बोल पुन्हा टाइप करावे लागतात, पण सगळं कानानं उतरवण्यापेक्षा ते बरंच सोपं. मिडी फाइल असेल तर सूर आणि लांबी मिळते. स्लर आणि सी-शार्प की डी-फ्लॅट हा निर्णय तिच्यावर विसंबून करता येत नाही. फाइल चुकून डिलीट झाली असेल आणि डिस्क एसएसडी असेल तर फार आशा ठेवू नका. एसएसडी मोकळी झालेली जागा स्वतःच पुसून टाकते. पेनड्राइव्हवर मात्र फोटोरेकसारखं साधन कामाला येतं, फक्त त्या ड्राइव्हवर नवं काही लिहू नका.

हे सगळं करायची वेळच येऊ नये म्हणून मी काय पाळते, ते सांगते. प्रत्येक गाण्याचा टप्पा संपला, म्हणजे चाल लिहून झाली, साथ बसली, पार्ट निघाले, की ‘सेव्ह अॅज’ करून नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमानं तारीख टाकते. असं लिहिलं की फोल्डरमध्ये फायली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. नाव रोमन अक्षरांत ठेवते, कारण देवनागरी नावं जुन्या झिप साधनांत विस्कटतात. काम गिऱ्हाइकाला देताना तीन गोष्टी एकत्र ठेवते: मूळ फाइल, पीडीएफ आणि म्युझिकएक्सएमएल. या तिसऱ्या गोष्टीकडे नवे लोक दुर्लक्ष करतात आणि मला ते मनापासून खटकतं. म्युझिकएक्सएमएल एका कंपनीच्या ताब्यात नाही, आज ते वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या गटाकडे आहे आणि जवळजवळ प्रत्येक नोटेशन सॉफ्टवेअर ते वाचतं.

ते का महत्त्वाचं, ते फिनाले या नोटेशन सॉफ्टवेअरनं दाखवून दिलं. पस्तीसहून जास्त वर्षं चाललेलं हे सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं मेकम्युझिक या त्याच्या कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याच्या फायली बहुतेक दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडत नाहीत. कुणाकडे जुन्या फिनाले फायली असतील तर ते सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर अजून चालतंय, त्यावर बसून सगळ्या म्युझिकएक्सएमएलमध्ये काढून घ्या. त्यात अख्खं फोल्डर एकदम बदलायची सोय आहे. तो कॉम्प्युटर बंद पडल्यावर ही सोय हाताशी राहीलच असं नाही.

विजेबद्दल एकच: लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर वेगळं काही लागत नाही. डेस्कटॉप असेल तर घरचा इन्व्हर्टर पुरत नाही, वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर बंद होऊ शकतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा, नाहीतर छोटा यूपीएस घ्या.

गुगल ड्राइव्हवर फोल्डर ठेवलं की बॅकअप झाला, असं समजू नका. बिघडलेली फाइलही ते तितक्याच इमानानं वर चढवतं. पण जुन्या आवृत्त्या तिथं ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात, त्या वेबवरच्या ‘मॅनेज व्हर्जन्स’मध्ये मिळतात. बिघाड लवकर लक्षात आला तरच त्याचा उपयोग. म्हणून एक बाहेरची हार्डडिस्क लागतेच, जी कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची.

हार्मोनियमच्या क्लासवाल्यांची एक तक्रार वेगळी आहे. ते भातखंडे पद्धतीनं वर्डमध्ये सरगम टाइप करतात, कोमल स्वरांखाली रेघ आणि सप्तकाची टिंबं देणाऱ्या खास फॉन्टमध्ये. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की निरर्थक अक्षरं दिसतात. ही फाइल बिघडलेली नाही, तिथं तो फॉन्ट नाही एवढंच. मजकूर दुरुस्त करत बसू नका, फॉन्ट घाला. फॉन्टची फाइल कामाच्या फोल्डरमध्येच ठेवा आणि गुरुजींना पीडीएफ द्या, तिच्यात फॉन्ट सामावलेला असतो. वर्डची फाइल खरोखरच उघडत नसेल तर ‘ओपन’ शेजारच्या बाणातून ‘ओपन अँड रिपेअर’ निवडा. नवी वर्ड फाइलही आतून झिपच असते, त्यामुळे झिप उघडून आतला मजकूर काढायची वरची युक्ती तिलाही चालते.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हाही कामाचा भाग आहे. फाइल बिघडली आणि वरात परवा आहे, तर त्याच दिवशी फोन करा. कुठले पार्ट आजच देता येतील आणि कुठले उद्या संध्याकाळपर्यंत, ते नेमकं सांगा. वाजवणाऱ्याला पीडीएफ पुरते. मूळ फाइल दुरुस्त होईपर्यंत छापील पार्टवर तालीम सुरू होऊ शकते. आणि महिन्यातून एकदा कपाटातली हार्डडिस्क काढून त्यातली एखादी जुनी फाइल दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडा, शेवटच्या पानापर्यंत वाजवून बघा. उघडली नाही तर त्याच दिवशी मूळ फाइलवरून नवी प्रत करून ठेवा.