पानठेल्यावर फुटबॉल संघाची चर्चा कशी करावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी पानठेल्यावर कापसाचा भाव आणि विजेची डीपी जळाल्याची तक्रार आटोपली की हल्ली फुटबॉलचा विषय निघतो. पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद झाल्यापासून इंडियन सुपर लीगमध्ये महाराष्ट्राचा एकच संघ उरला आहे, आणि विदर्भाचा स्वतःचा संघ नसल्यामुळे आमच्या पोरांनी मुंबई सिटीला आपले मानले आहे. ज्यांच्या मोबाइलला रात्रीही रेंज मिळते, त्यांनी इंग्लंडमधला एखादा संघही सोबत धरला आहे. चर्चा जोरात होते, पण बहुतेक वेळा ती "याला काढा" आणि "त्याला कशाला घेतले" या दोन वाक्यांपुढे जात नाही. ती पुढे कशी न्यावी, याबद्दल काही वर्षांच्या अनुभवातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

पहिला नियम आमच्या पानठेलेवाल्या काकाजींनी घालून दिला, आणि ते स्वतः सामने पाहत नाहीत. एका पोराने पराभवानंतर अर्धा संघ मोडीत काढला, तेव्हा चुना लावता लावता ते म्हणाले, "काढ ना बाबू, पण त्याच्या जागी कोणाले घेतं, थे पयले सांग." पोरगा गप्प झाला. तेव्हापासून आमच्याकडे कोणत्याही खेळाडूला वगळायचे असेल, तर त्याच जागी खेळणारा, संघात खरोखर असलेला आणि त्या दिवशी तंदुरुस्त असलेला दुसरा खेळाडू नावानिशी सांगावा लागतो. एवढी एकच अट घातली तरी निम्मे वाद जागेवरच मिटतात, कारण ज्याला आपण शिव्या देतो त्याच्यापेक्षा बरा माणूस बाकावर नसतो, हे नाव घ्यायला लागल्यावर लक्षात येते.

नाव सुचवताना संघावर कोणती बंधने आहेत, हेही माहीत असावे लागते. २०२१-२२ च्या हंगामापासून इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चारच परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येतात. त्याआधी ही संख्या पाच होती. त्यामुळे "आणखी एक परदेशी आघाडीवीर घ्या" असे म्हणणाऱ्याने मैदानावरच्या चार परदेशींपैकी कोण बाहेर जाईल, हे त्याच दमात सांगितले पाहिजे. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये नोंदणीच्या यादीत एकवीस वर्षांवरील पंचवीसच खेळाडू बसतात आणि त्यांतले जास्तीत जास्त सतरा असे चालतात की जे कोवळ्या वयात तिथल्या क्लबांत घडलेले नाहीत. हा नियम राष्ट्रीयत्वाचा नाही, घडण्याच्या जागेचा आहे. एकविसाच्या आत तीन वर्षे इंग्लंड किंवा वेल्समधल्या क्लबात काढलेला परदेशी मुलगाही स्थानिकच धरला जातो. हे ठाऊक नसल्यामुळे आमच्याकडे एकदा दोन भावांचे बोलणे आठवडाभर बंद होते.

करार समजावून सांगायला आपल्याकडे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदारासारखे दुसरे उदाहरण नाही. गुढीपाडव्याला साल ठरते, मोबदला ठरतो, आणि मधेच पेरणीच्या तोंडावर सालदार बदलतो म्हटले तर ते दोन्ही बाजूंना जड जाते. खेळाडूचेही तसेच असते, फक्त त्याचे दोन पाडवे असतात: हंगामापूर्वीची खिडकी, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरलेली मुदत, आणि जानेवारीतली खिडकी. या दोन वेळांच्या अधेमधे "त्याला विकून टाका" म्हणणे म्हणजे श्रावणात सालदार शोधायला निघणे होय.

या बाबतीत माझी स्वतःची चूक नोंदलेली आहे, म्हणून ती सांगतो. २०२३-२४ च्या हंगामात मुंबई सिटीचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्येच इंग्लंडला निघून गेले, त्यांच्या जागी पेत्र क्रात्की आले, आणि जानेवारीत ग्रेग स्ट्युअर्टनेही संघ सोडला. त्याच खिडकीत याकुब वोयतुस नावाचा आघाडीवीर आला. स्ट्युअर्ट मधल्या फळीतून खेळ रचणारा आणि वोयतुस गोलपुढे उभा राहणारा, तेव्हा ही अदलाबदल म्हणजे नांगर विकून वखर आणण्यासारखी आहे आणि हंगाम संपल्यात जमा आहे, असे मी पानठेल्यावरच्या अंदाजांच्या वहीत लिहून सही केली. संघ साखळीत ४७ गुणांवर थांबला, कोलकात्याचा मोहन बागान ४८ गुणांसह पुढे राहिला. पण ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात अंतिम सामन्यात त्याच मोहन बागानला ३-१ ने हरवून मुंबईने चषक जिंकला, आणि तिसरा गोल वोयतुसचा होता. ते पान अजूनही मला अधूनमधून दाखवले जाते. माझी चूक अशी झाली की मी दोन खेळाडूंची तुलना केली. गेलेल्याचे काम उरलेल्या दहा जणांत कसे वाटले जाईल, हे पाहिले नाही.

आता कामगिरी मोजण्याकडे येऊ. आपल्या भागात कोणी "मला चाळीस क्विंटल कापूस झाला" असे म्हटले, तर ऐकणारा पहिला प्रश्न "किती एकरात?" असा विचारतो आणि दुसरा "ओलीत का कोरडवाहू?" असा. फुटबॉलमध्ये मात्र हीच माणसे गोलांचा एकूण आकडा ऐकून माना डोलावतात. खेळाडूचा एकर म्हणजे त्याने मैदानावर घालवलेली मिनिटे. समजा एकाने १८०० मिनिटांत चार गोल केले आणि दुसऱ्याने ५४० मिनिटांत तीन. गोलांना नव्वदने गुणून मिनिटांनी भागले की पहिल्याचा उतारा नव्वद मिनिटांमागे ०.२ आणि दुसऱ्याचा ०.५ येतो. एवढ्यावर दुसऱ्याला डोक्यावर घेण्याची घाई मात्र करू नये. ५४० मिनिटे म्हणजे जेमतेम सहा पूर्ण सामने, आणि तो शेवटच्या वीस मिनिटांत, थकलेल्या बचावफळीपुढे उतरत असेल, तर ती ओलिताची जमीन झाली. पहिल्या मिनिटापासून खेळवल्यास तोच उतारा टिकेल, याची खात्री देता येत नाही. २०२२ पासून नियमानेच पाच बदली खेळाडू चालत असल्यामुळे अशी तुकड्या-तुकड्यांची मिनिटे आता पुष्कळांच्या खात्यावर दिसतात.

पेनल्टी वेगळी काढावी, हेही महत्त्वाचे. हल्ली सामन्यात 'अपेक्षित गोल' असा एक आकडा दाखवतात. मारलेल्या प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता किती होती, याची ती बेरीज असते. त्या हिशेबात एका पेनल्टीचे मोल पाऊण गोलाच्या आसपास धरतात. तेव्हा ज्याच्या आठ गोलांत चार पेनल्टीचे आहेत, त्याची बरोबरी आठही गोल चालत्या खेळातून करणाऱ्याशी लावणे योग्य नाही.

आकड्यांपेक्षाही पाहण्याची सवय अधिक उपयोगी पडते, आणि ती मला गव्हाच्या ओलितात लागली. हिवाळ्यात शेतपंपाला रात्रीची वीज असते त्या आठवड्यात मोटर सुरू करून दांडावर बसावे लागते. इंग्लंडमधले मधल्या वारांचे सामने आपल्याकडे साधारण रात्री एक-दीडला सुरू होतात, त्यामुळे दोन्ही कामे जुळतात. एक वाफा भरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोबाइल धुऱ्यावरच्या दगडाला टेकवून मी एकाच खेळाडूकडे पाहतो, चेंडू कुठेही असो. त्यातही बचावफळीच्या पुढे खेळणारा मधला खेळाडू निवडावा, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि कडेचे खेळाडू चौकटीबाहेर जातात, हा मात्र बहुतेक वेळा दिसत राहतो. एका रात्री असाच एक जण पाहिला. एक वाफा भरेपर्यंत चेंडू त्याच्याकडे नऊ वेळा आला, आणि त्यांपैकी सात वेळा चेंडू पायाशी येण्याआधीच त्याने मान वळवून मागे कोण आहे ते पाहून घेतले होते; ज्या दोन वेळा पाहिले नाही, त्यांपैकी एकदा चेंडू हिसकावला गेला. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याच्याबद्दल बोलताना माझ्याकडे सांगण्यासारखे काही तरी होते. त्या नादात शेजारच्या वाफ्यात पाणी फुटले, तो हिशेब वेगळा.

अशा खेळाडूंचे मोल आकड्यांतून चटकन दिसत नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टर सिटीचा मधल्या फळीतला रोद्री सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्ध गुडघ्याला दुखापत होऊन बाहेर गेला. आदल्या हंगामात ९१ गुणांसह विजेता ठरलेला संघ त्या हंगामात ७१ गुणांवर, तिसऱ्या स्थानी राहिला. आमच्या गावातले मँचेस्टर सिटीचे चाहते त्याआधी तासन्तास गोल करणाऱ्या हालांडबद्दलच बोलत असत.

परंतु याच उदाहरणाने एक सापळाही तयार होतो: संघ घसरला की एकाच जाण्यावर सगळे खापर फोडणे. २०२४-२५ च्या हंगामापूर्वीच्या खिडकीत मधल्या फळीतला अपुइया मुंबई सोडून मोहन बागानला गेला, त्या हंगामात मुंबई सहावी आली, आणि पानठेल्यावर निकाल लागला की अपुइया गेला म्हणून बुडालो. माझ्या मते तो मोठा तोटा होता, यात वाद नाही. पण त्याच खिडकीत होर्हे पेरेयरा दियास आणि राहुल भेके हे दोघेही बंगळुरूच्या संघात गेले होते, म्हणजे आघाडी, मधली फळी आणि बचाव अशा तिन्ही ठिकाणचे माणूस एकदम हलले होते. शिवाय सामन्यांची संख्याही बदलली होती. ४७ गुण २२ सामन्यांतले आणि पुढच्या हंगामाचे ३६ गुण २४ सामन्यांतले, म्हणजे सामन्यामागे २.१४ वरून १.५ पर्यंतची घसरण. नुसत्या वजाबाकीत ती अकरा गुणांची दिसते, प्रत्यक्षात त्याहून वाईट आहे. बोंडअळी, पाऊस आणि खताची कमतरता एकाच वर्षी आली, तर एकट्या अळीला दोष देणारा शेतकरी पुढच्या वर्षी फक्त फवारणीच वाढवतो.

बोलण्याच्या रीतीबद्दल एका बाबतीत आमच्याकडे सूट नाही. लालियानझुआला छांगते आणि अपुइया मिझोरामचे आहेत, बिपिन सिंग मणिपूरचा आहे. त्यांच्या चेहऱ्यावरून किंवा गावावरून कोणी काही बोलले, तर त्याला त्या दिवशीचा चहा सगळ्यांना पाजावा लागतो आणि वर काकाजींचे बोलणे खावे लागते. पास चुकला तर पासाबद्दल बोलावे. वडीलधारे चर्चेत असतील, तर "काकाजी, तुमचं बरोबर आहे, पण मिनिटं किती खेळला ते पाहा" अशा रीतीने आकडा मधे आणावा; वय मधे आणले की चर्चा फुटबॉलवर राहत नाही.

राहिली वही. शंभर पानी साधी वही पुरते. खिडकी बंद होताच प्रत्येकाने आपला अकरा जणांचा संघ, एक वगळलेला खेळाडू, त्याच्या जागीचा खेळाडू आणि एका ओळीत कारण असे लिहून तारीख घालावी. सामन्यानंतर लिहिलेले ग्राह्य धरू नये, कारण निकाल माहीत झाल्यावर प्रत्येक जण प्रशिक्षक होतो. दहा सामन्यांनंतर पान उघडावे, त्याआधी नाही, कारण दोन-तीन सामन्यांचा निकाल पहिल्या पावसावर पेरणीचा निर्णय घेण्याइतकाच फसवा असतो. वही सुतळीने पानठेल्याच्या खांबाला बांधावी आणि पेनही त्याच सुतळीला बांधावा; आमची वही चौथ्या वर्षात आहे, पेन सातवा.