बुधाचा बड्डे दर ८८ दिवसांनी: लहानपणीच्या देवांचं अंतराळ कॉमिक कसं काढायचं

मागच्या उन्हाळ्यात भाची सुट्ट्यांमध्ये आमच्याकडे नागपूरला होती, बाहेर ४५ डिग्री, दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय टाकायची सोय नाही, मोबाईल तिच्या आईनं काढून घेतलेला, मग करायचं काय तर आम्ही दोघांनी कूलरसमोर बसून कॉमिक काढायला घेतलं. विषय तिचाच. "मामा, देव लहान असताना स्पेसमध्ये फिरायला गेले तर?" १६ पानं व्हायला दीड महिना लागला आणि पहिली सहा तर फाडूनच टाकली. ती का फाडली हे आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच निघालं.

झालं काय की आम्ही देव फार भारी काढले. डोक्यामागं तेजोवलय, हातात शस्त्र, दंडात बेडकुळ्या, एक राक्षस आला की एका बाणात खल्लास. ती पानं माझ्या आईला दाखवली, तिनं चष्मा लावून सगळी पाहिली आणि म्हणे, "छान आहे हो, कॅलेंडरसारखं." संपलं ना राजेहो. ज्याला काहीच अडत नाही त्याच्यावर हसणार कोण? देवाची खिल्ली उडवायची नाही, देवाला अडचणीत टाकायचं. आणि लहान देवाची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्यालाही आई असते, क्लास असतो, सोबत एक खत्रूड चुलतभाऊ असतो.

पात्रं शोधायला लांब जायची गरजच नाही, नवग्रह घ्या. नावं घरोघरी माहीत, पुराणातल्या गोष्टी तयार, आणि वरून प्रत्येकाचा खराखुरा ग्रह आकाशात फिरून राहिला. एक वही घ्या, मधोमध रेघ मारा, डावीकडं पुराणात काय सांगितलंय ते लिहा, उजवीकडं विज्ञानातलं. जोक बहुतेक त्या रेघेवरच सापडतो, शपथ.

बुध बघा. सूर्याभोवती त्याची फेरी ८८ दिवसात पूर्ण, म्हणजे त्याचं वर्ष तेवढंच, म्हणजे दर तीन महिन्याला कार्टं बड्डे मागतं. शनीचं वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं. तो बिचारा बुधाच्या प्रत्येक बड्डेला गिफ्ट घेऊन येतो, १२० च्या वर बड्डे करून झाले, ह्याचा स्वतःचा पहिला अजून यायचाय. हे समजल्यावर भाची पाच मिनिटं नुसती हसत होती, मग म्हणे शनी रागीट का आहे ते आता कळलं.

शनीवर तर आख्खा अंक होतो. साडेएकोणतीस वर्षात बारा राशी, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं, आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन धरल्या की झाली साडेसाती. मग तो कसा दाखवायचा? व्हिलन अजिबात नको. "फक्त चहा घेतो हो काकू" म्हणून सोफ्यावर टेकणारा आणि साडेसात वर्षं न उठणारा पाहुणा. त्याला वाईट करायचंच नाहीये, त्याला उठताच येत नाही. पुराणात त्याची नजर ज्याच्यावर पडते त्याचं काही खरं नसतं, म्हणून तो मान खाली घालून असतो, तर आम्ही त्याला पूर्ण अंकभर मोबाईलमध्ये मुंडी घातलेला काढला. सगळे त्याला "अबे वर बघ ना कधीतरी" म्हणून टोकतात आणि पान १३ वर तो एकदाच वर बघतो. पुढं काय होतं ते तुम्ही तुमचं ठरवा, आमच्याकडं अंबाझरी तलावाएवढा उल्कापात झाला. अजून एक फुकटची गंमत, शनीची घनता पाण्यापेक्षा कमी आहे, म्हणजे आमचा फुटाळा तलाव तेवढा मोठा असता तर गडी त्यात तरंगला असता. स्विमिंगच्या क्लासला हाच एकटा पास.

राहू-केतूचं तर विचारूच नका. राहू म्हणजे नुसतं डोकं, केतू म्हणजे नुसतं धड. आता ह्यांना तर्री पोह्याच्या ठेल्यावर न्या. राहू घास घेतो, मानेखालून पोहे पडतात, तर्री सगळी बाकावर. केतूला भूक आहे पण तोंड नाही. शेवटी केतूच्या खांद्यावर राहूला बसवतात तेव्हा कुठं एक प्लेट संपते, आणि मग दोघं भांडतात की पैसे कोण देणार, कारण खाल्लं राहूनं पण पोट भरलं केतूचं. एवढ्यासाठी चार चौकटी पुरतात, संवादाचे फुगे जवळजवळ नकोच.

आणि मास्तर! बृहस्पती देवांचे गुरू, शुक्राचार्य असुरांचे. म्हणजे दोन ट्यूशन क्लास, समोरासमोर बोर्ड, नागपुरात वाढलेल्या माणसाला ह्यापुढं समजवायची गरज नाही. शुक्र उलटा फिरतो आणि त्याला स्वतःभोवती एक गिरकी मारायला २४३ दिवस लागतात, वर्ष मात्र २२५ दिवसांचं. म्हणून शुक्राचार्य सरांच्या क्लासमध्ये वर्ष संपतं पण पिरेड संपत नाही.

आता आमच्या अंकातला मला सगळ्यात आवडलेला सीन, जरा पूर्ण सांगतो म्हणजे स्क्रिप्ट कशी लिहायची तेही कळेल. मंगळाला भौम म्हणतात, म्हणजे भूमीचा मुलगा. पृथ्वी त्याची आई. दोघांमधलं अंतर कधी साडेपाच कोटी किलोमीटर, कधी चाळीस कोटी, आणि प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो, म्हणजे फोनवरचा एक शब्द पोचायला तीन मिनिटांपासून बावीस मिनिटांपर्यंत काहीही. आम्ही असं लिहिलं:

चौकट १. आई पोळ्या लाटत, फोन कानाला: "जेवला काय रे?"
चौकट २. रिकामं अंतराळ. काहीच नाही.
चौकट ३. तेच अंतराळ, थोडं लांबून. कोपऱ्यात एक दगड.
चौकट ४. मंगळ, फोन कानाला: "हो आई, जेवलो."
चौकट ५. परत रिकामं अंतराळ. तोच दगड उलट्या दिशेनं.
चौकट ६. आई, पोळ्या संपल्या, भांडी घासून झाली, केस विंचरून राहिली: "खोटं नको बोलू. काय जेवला?"

चौकट ५ कापून टाकावी असं मला वाटत होतं, जागा वाया जाते म्हणून. भाचीनं ठेवायला लावली. तिचं बरोबर होतं, हसू त्या रिकाम्या चौकटीतच आहे. विनोदात घाई केली की माती. एकच गोष्ट वाईट, ही सहा चौकटींची शांतता मोबाईलवर नीट दिसत नाही, तिथं उभी पट्टी करून दोन चौकटींमध्ये मोकळी जागा जास्त सोडावी लागते म्हणजे माणूस अंगठ्यानं सरकवत राहतो आणि त्याला ती वाट बघणं जाणवतं.

वाहन काय द्यायचं ह्यावर आमचं दोन दिवस भांडण. तिला रॉकेट पाहिजे होतं, मी म्हटलं रॉकेट सगळेच काढतात, आपल्याकडं तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी पडलाय ना माळ्यावर, चाकांचा, एक शिंग तुटलेला, तोच काढ. मग त्याला नियम लावला, आणि हे फार महत्त्वाचं आहे, जादूच्या वस्तूला नियम नसला की गोष्ट पातळ होते. आमचा नंदी पेट्रोलवर चालत नाही, झडतीवर चालतो. पोळ्याला म्हणतात तशी झडती, म्हणजे यमक जुळवलेली कविता, म्हणायची, आणि प्रत्येक वेळी नवीन, जुनी चालत नाही, यमक चुकलं की नंदी मागं जातो. त्यात अंतराळात हवा नाही म्हणून आवाजही नाही, मग नंदीला ऐकू कसं जाणार? लाकडाला कपाळ टेकवून म्हणायची, आवाज हवेतून नाही गेला तरी लाकडातून जातो. म्हणजे संकट आलं की पळत जाऊन नंदीला डोकं लावायचं आणि घाबरलेल्या आवाजात कविता रचायची. प्रत्येक ग्रहावर उतरलं की पोरं आधी बोजारा मागतात, तान्ह्या पोळ्याला घरोघरी मिळतो तो खाऊ-पैसा. गुरूनं बोजारा म्हणून एक चंद्र दिला, त्याच्याकडं ढिगानं आहेत.

हो, तो आवाजाचा मुद्दा. निर्वातात शंख फुंकला तर ऐकू येणार नाही, मग पात्रं बोलतात कशी, फुगे कसे काढायचे? एकदाच काहीतरी फालतू कारण द्या आणि विसरा. आमच्याकडं "देव आहोत बे, ॲडजस्ट कर" असा एक डायलॉग आहे, पान २ वर, विषय बंद. पण शंखाचा जोक मात्र आम्ही सोडला नाही, एकजण गाल फुगवून फुंकतो, फुंकतो, शून्य आवाज, मागून बुध: "चार्ज नाही काय?"

लोकं विचारतात, देवांवर विनोद, घरचे रागावणार नाहीत का. हे बघा, जनाबाईनं अभंगात विठोबाला शिव्या घातल्यात आणि तरी तिची माया कमी झाली नाही. गवळणीत पेंद्या आणि मावशी कृष्णाला किती छळतात. आणि आपल्या नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत बडगे निघतात, ज्या गोष्टीचा राग आला तिचा पुतळा करून रस्त्यावरून नाचवत न्यायचा, व्यंगचित्रच ते, फक्त भलंमोठं. तिथली एक युक्ती घ्या, बडगा कधी दुबळ्याचा नसतो. आम्ही घरापुरता एक नियम केला, शक्तीची आणि हट्टाची थट्टा करायची, पूजेची आणि रूपाची नाही. आईला प्रत्येक पान दाखवायचं, ती हसली की पास, ती गप्प बसली की परत लिहायचं. तिनं दोन पानं नापास केली, आणि खरं सांगायचं तर ती दोन्ही विनोदी नव्हतीच, नुसती आगाऊ होती.

आता काढायचं कसं. चित्र येत नाही म्हणून थांबू नका, गोल डोकं, दोन ठिपके, आणि प्रत्येकाची एक खूण जी लांबून ओळखू येईल. शनीची खाली मान, बुधाच्या हातात केक, राहूला मान संपते तिथं रफू केल्यासारखे टाके. चेहरा दरवेळी थोडा बदलला तरी चालतं, खूण बदलली की वाचणारा गोंधळतो. नागपुरात मूर्तिकारांची गल्ली आहे, चितार ओळ, तिथं गणपतीच्या आधी चक्कर मारा, कच्च्या मातीच्या, रंग न दिलेल्या मूर्ती बघा, नुसत्या आकारावरून कोण देव ते कळतं, तेच आपल्याला पाहिजे. आणि इथल्याच रमण विज्ञान केंद्रातला तारांगणाचा शो एकदा बघून या, अंधारात वहीत काही दिसत नाही पण बाहेर आल्यावर लगेच पायऱ्यांवर बसून जे आठवतं ते काढा.

एक मोठा घोळ सांगतो. आम्ही अंतराळ म्हणून सगळी पानं मार्करनं काळी केली. तीन मार्कर संपले, कूलरच्या दमट हवेनं कागद आधीच नरम, त्यावर शाई, पानं पापडासारखी वाकली. झेरॉक्सवाल्याकडं नेली तर त्यानं काढून दिलेल्या कॉप्यांमध्ये काळ्या भागात पांढरे पट्टे. मग शिकलो, अंतराळ पांढरं ठेवलं तरी वाचणाऱ्याला कळतं, चार ठिपके आणि एक वाकडा ग्रह पुरतो. काळं फक्त दोन-तीन ठिकाणी, जिथं भीती दाखवायचीये तिथं. त्या काळ्यावर तारे काढायची पद्धत: जुना टूथब्रश, पांढरा पोस्टर कलर दाट कालवायचा, ब्रश कागदाकडं धरून अंगठ्यानं केस मागं ओढायचे, फर्रकन बारीक शिंतोडे उडतात, आकाशगंगा तयार. खाली पेपर अंथरा. आमची अर्धी आकाशगंगा भिंतीवर आहे, अजून.

फुगे आधी, चित्र नंतर. हे उलटं वाटतं पण देवनागरीला जागा जास्त लागते, वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार, दोन ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. म्हणून ओळींमध्ये अंतर मोकळं ठेवा, आणि एका फुग्यात पंधराच्या वर शब्द झाले की तोडून दोन फुगे करा. कंप्युटरवर करत असाल तर कलम किंवा बलू हे फॉन्ट फुकट मिळतात, कॉमिकला शोभतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सेटिंग चालू आहे का ते बघा, नाहीतर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, "किती" चं काहीही होतं. आवाजाचे शब्द मात्र हातानंच काढा, आणि इथं आपल्या लिपीची मजा आहे, शिरोरेषा! "सुळ्ळकन" ची शिरोरेषा लांब ओढली की तीच वेगाची रेघ होते, "धाडकन" ची मधूनच तोडली की आदळल्यासारखं वाटतं, "डुबुक" ची पाण्यासारखी हलवा. रोमन अक्षरांत ही सोयच नाही.

पानांचं गणित सोपं आहे, मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत पाहिजेत, ८, १२, १६. आणि धक्का द्यायचा असेल तर तो पान उलटल्यावर, म्हणजे सम नंबरच्या पानावर वरच्या कोपऱ्यात ठेवा, विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत फक्त पात्राचे डोळे मोठे करा. (आमचा शनी १३ वर वर बघतो, उल्कापात १४ वर. तेव्हा हे माहीत नव्हतं, योगायोगानं जमलं.) कडेला अर्धा इंच सोडा, आमच्या पहिल्या छपाईत दोन पानांवर मंगळाच्या आईचं अर्धं वाक्य कटरमध्ये गेलं.

आमची गोष्ट १५ पानांत संपली, एक पान उरलं. तिथं भाचीनं शनीचा बड्डे काढला. केक आहे, मेणबत्ती एकच, सगळे टोप्या घालून उभे, बुध म्हातारा झालेला, काठी टेकत, आणि शनी मोबाईलमधून मुंडी वर काढणार एवढ्यात सगळे एकसाथ ओरडतात, "नको बे, खालीच बघ!"