विसलँडरच्या जुन्या मॅच बघून शिकायचंय? मग अशा बघा

हँडबॉल खेळणाऱ्या पोरांना मी कायम एकच नाव सांगतो, मॅग्नस विसलँडर. स्वीडनचा, गोथेनबर्गचा, जन्म १९६४ चा. देशाकडून ३८४ मॅच, ११८५ गोल, आणि १९९९ मध्ये इंटरनॅशनल हँडबॉल फेडरेशनने त्याला शतकातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. पण पोरं काय करतात, त्याच्या गोलांचा पाच मिनिटांचा व्हिडिओ बघतात, भारी आहे म्हणतात आणि फोन खिशात टाकतात. अशाने हाताला काही लागत नाही हो, कारण या माणसाची खरी गोष्ट गोलांमध्ये नाहीये, त्याने मैदानावरची जागा बदलली त्यात आहे. म्हणून मी त्याच्या मॅच कशा बघतो ते सविस्तर लिहितोय.

आधी दोन मॅच निवडा, १९९० च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल आणि २००२ च्या युरोपियन चॅम्पियनशिपची फायनल. पहिली प्रागमध्ये, सोव्हिएत युनियनला २७-२३ ने हरवलं. दुसरी स्टॉकहोमच्या ग्लोबेनमध्ये, जर्मनीविरुद्ध, एक्स्ट्रा टाइममध्ये ३३-३१. मध्ये १२ वर्षं गेलीत. पूर्ण मॅच मिळाली तर उत्तमच, नाहीतर जेवढा मोठा सलग तुकडा मिळेल तेवढा घ्या, पण नुसते गोल कापून जोडलेले व्हिडिओ नकोत. सर्च करताना नाव, वर्ष आणि फायनल एवढं रोमन लिपीत टाका. चित्र धूसर असतं, पाठीवरचा नंबर वाचता येत नाही, तरी हा ओळखू येतो, उंच, सडपातळ, लांबच लांब हात. स्वीडनमध्ये त्याला स्लांगेन म्हणायचे, म्हणजे पाण्याचा पाइप, आणि एकदा त्याला पळताना बघितलं की ते नाव लगेच पटतं.

१९९० ची मॅच बघताना तो सेंटर बॅक, म्हणजे मधोमध उभा राहून खेळ चालवणारा आहे हे डोक्यात ठेवा. सगळा अटॅक त्याच्या हातून जातो. इथे एकच काम करा, त्याच्याकडे बॉल आला की मनात सेकंद मोजा. नियमाने बॉल हातात धरून तीन सेकंद आणि तीन पावलं मिळतात, आपल्याकडची पोरं ती तिन्ही पावलं डोकं खाली घालून संपवतात आणि मग बघतात की पास कुणाला द्यायचा. तुम्ही त्याची मान बघा. बॉल येण्याआधी तो कुठे बघत होता, आल्यावर कुठे बघतोय, हे दोन-तीनदा मागे घेऊन बघितलंत तरी खूप झालं.

आता २००२. वय ३७, आणि गडी पिव्होटवर आहे. म्हणजे जो माणूस सगळ्या टीमला खेळवायचा तोच आता डी च्या (गोलपुढची सहा मीटरची जागा, जिथे गोलकीपरशिवाय कुणी पाय टेकवायचा नसतो) कडेला, डिफेंडरांच्या कोपराखाली उभा राहून पासची वाट बघतोय. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण पिव्होटचं अर्धं काम प्रेक्षकांना दिसतच नाही. त्यामुळे ही मॅच बघताना बॉल विसरा, कागद-पेन घ्या आणि प्रत्येक अटॅकला फक्त त्याने काय केलं ते लिहा. अंग आडवं घालून मागून थ्रो मारणाऱ्या बॅकसाठी वाट मोकळी केली का, डिफेंडरला सोबत ओढत नेलं का, सेव्हन मीटर म्हणजे पेनल्टी मिळवला का, समोरच्याला दोन मिनिटं बाहेर बसवलं का. गोल सोडून बाकीच्या खुणांची संख्या बघाल तर चकित व्हाल.

आणि बॉल त्याच्यापर्यंत पोचला की तिथे थांबवा. फ्रेम फ्रेमने पुढे न्या. पाय रुंद, गुडघे वाकलेले, डिफेंडर पाठीला चिकटलेला, तो कुठल्या बाजूला रेटतोय हे पाठीलाच कळतं. ज्या बाजूला जोर कमी त्या बाजूचा हात पंजा उघडून बाहेर. बॉल पंजात बसला की त्या हाताच्या विरुद्ध बाजूला नाही, तर त्याच बाजूला वळायचं, डी मध्ये झेपावायचं आणि जमिनीला टेकायच्या आत बॉल हातातून सुटला पाहिजे, टेकलात की गेलं. हे सगळं एका श्वासात होतं.

अजून एक लक्षात ठेवा, आत्ता गोलकीपर बाहेर काढून अटॅकला सातवा खेळाडू, बरेचदा दुसरा पिव्होट म्हणून, आणतात ना, ते २०१६ च्या नियमानंतर सर्रास झालं. जुन्या मॅचमध्ये शक्यतो सहाविरुद्ध सहाच असतात, दोन पिव्होट क्वचितच दिसतात, त्यामुळे तो सगळी धक्काबुक्की बहुतेक वेळा एकटाच झेलतोय.

क्लबच्या मॅच बघायच्या असतील तर जर्मनीतल्या कील या क्लबच्या बघा. गोथेनबर्गच्या रेडबर्गस्लिड क्लबमधून तो १९९० ला तिकडे गेला, २००२ पर्यंत राहिला, सात वेळा बुंडेसलिगा म्हणजे जर्मन लीग जिंकला, मग परत जुन्याच क्लबला आला. कॉमेंट्री जर्मन असते, आवाज बंद केला तरी चालतं.

ऑलिम्पिकच्या तीन फायनल मात्र मनाची तयारी करून लावा. १९९२ बार्सिलोना २०-२२, १९९६ अटलांटा २६-२७, २००० सिडनी २६-२८, तिन्ही वेळा सिल्व्हर. मी अटलांटाची शेवटची दहा मिनिटं बघितली की अजूनही पोटात तुटतं. एका गोलाने, बघा ना. पण कोच बेंग्ट योहान्सनची ती टीम दर वेळी परत उभी राहिली, मध्ये १९९४, १९९८, २००० चं युरोप जिंकलं, १९९९ ला कैरोमध्ये रशियाला २५-२४ ने हरवून वर्ल्ड टायटल घेतलं. म्हणून क्रमाने बघा, नुसत्या जिंकलेल्या नको.

एवढं झालं की ग्राउंडवर तिघं जा. एक पास देणारा, एक डिफेंडर, तुम्ही डी च्या रेषेवर पाठ करून. दहा पास डाव्या हाताला, दहा उजव्या, एकाच हाताने पकडायचे, डिफेंडरने खरंच रेटायचं, लाजायचं नाही. पहिल्या दिवशी निम्मे सुटतील, सुटू द्या. आठवडाभर केलंत की २००२ ची फायनल परत लावा, या वेळी थेट एक्स्ट्रा टाइमपासून, आणि त्याचा फक्त बाहेर काढलेला पंजा बघत बसा.