जुनं लुगडं तपासताना उलटी बाजू जरूर बघा

ट्रंकेतून निघालेलं जरीचं लुगडं नाशिकच्या घरांत सहसा एका वाक्यात ओळखलं जातं: "आजेसासूबाईंची येवल्याची पैठणी." यातली आजेसासूबाई, येवलं आणि पैठणी ही तीन वेगळी विधानं आहेत, आणि तिन्ही वेगवेगळी तपासावी लागतात. घरची सांगोवांगी वहीत जरूर लिहा, पण निराळ्या पानावर, कोणी सांगितलं त्या नावासकट.

खिडकीजवळ जमिनीवर धुतलेली पांढरी चादर अंथरा. बांगड्या-अंगठ्या काढा, कारण जरीची तार त्यांत अडकते. दहापट मोठं दाखवणारं भिंग, शिंप्याची टेप आणि पेन्सिल एवढं पुरतं. पेन जवळ नकोच. जुनं रेशीम घडीवरच पिचतं, म्हणून घडी ओढून उघडू नका. दोघांनी खालून हात सरकवून ती उलगडा.

आधी लांबी मोजा. नऊ वार म्हणजे सुमारे 8.2 मीटर. पाच-साडेपाच मीटरच भरलं, तर बहुधा नऊवारी कापून गोल नेसायची साडी केली असणार. उरलेल्या तीन वारांचं परकर-पोलकं त्याच ट्रंकेत सापडू शकतं. पदर नसेल तर नवल नाही. खऱ्या जरीत चांदी असते, ती गाळून घेण्यासाठी काठ-पदर विकले जात. काठ आणि अंग यांच्यामध्ये सुईची शिवण दिसली, तर जुना काठ नव्या अंगाला जोडलाय. मग दोघांचं वय वेगळं धरा.

आता कापड उलटं करा. हातमागावर तिल्ल्यांनी (रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्यांनी) विणलेल्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या जागेपुरताच जातो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून परत फिरतो. भिंगाखाली मोराच्या मानेची कड बघा: रंग बदलतो तिथे बारीक दाते दिसतील, मागे मोकळा धागा लोंबणार नाही, आणि मोर दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसेल. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी आपोआप उठवणाऱ्या यंत्राच्या, विणीत मात्र नक्षीचे धागे मागून तरंगत जातात किंवा कापलेले असतात. इथे घाई नडते. हाताने भरलेला पदर आणि जॅकार्डचा काठ एकाच साडीत असू शकतात, बाजारात अशा साडीला ब्रोकेड म्हणतात. म्हणून काठ, पदर आणि बुट्टी यांच्या नोंदी तीन ठिकाणी करा. मोर किंवा आसावली (फुलांच्या वेलीची नक्षी) दिसली की "जुनी" म्हणणं तर सोडूनच द्या. त्या नक्ष्या आजही विणल्या जातात.

एका इंचात ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे धागे किती, ते पाच जागी मोजून सरासरी काढा. एकाच जागेचा आकडा फसवतो, कारण वापराने कापड कुठे सैल तर कुठे घट्ट झालेलं असतं.

जरीची तार बघताना सुटलेलं टोक शोधा. जुन्या खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते. मुलामा उडाला की ती पांढरट किंवा काळी पडते. लालसर तांबं डोकावलं तर ती तार हलक्या प्रतीची. आपोआप सुटलेला अर्धा इंच बिनजरीचा धागा स्टीलच्या ताटलीवर चिमट्याने जाळता येतो. केस जळल्याचा वास आणि बोटांत चुरडणारी काळी राख म्हणजे रेशीम, कडक मणी म्हणजे पॉलिएस्टर, कागदाचा वास म्हणजे सूत किंवा रेयॉन. धागा मुद्दाम उपटू नका.

रंग दुमडपट्टीच्या आत बघा, तिथे ऊन पोचलेलं नसतं. पहिला कृत्रिम रंग 1856 चा. त्यामुळे झगझगीत किरमिजी-जांभळा दिसला तर कापड बहुधा त्यानंतरचं, पण नेमकं किती नंतरचं ते रंग सांगत नाही. निळ्यावर तर विसंबूच नका: 1897 पासून बाजारात आलेली कृत्रिम नीळ आणि झाडाची नीळ यांचा मूळ रेणू एकच आहे, डोळ्यांना फरक कळत नाही. रंगवलेले जुने फोटोही पुरावा म्हणून धरू नका, तो रंग स्टुडिओतल्या माणसाने भरलेला असतो. फोटोतून नेसण्याची पद्धत आणि काठाची रुंदी मात्र नीट मिळते.

"येवल्याची" हे नुसत्या कापडावरून सिद्ध होणं अवघड. घरातल्या जुन्या खरेदीच्या पावत्या, लग्नखर्चाच्या वह्या धुंडाळा, आणि येवल्यातल्या जुन्या विणकरांना पदराच्या दोन्ही बाजूंचे फोटो दाखवा. उद्योगाच्या पार्श्वभूमीसाठी 1883 चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ) चाळा.

झाल्यावर लुगडं मलमल गुंडाळलेल्या नळीवर गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी पावसाळ्यात आत दमट करते. नळीला रबरबँड लावू नका, सुती नाडी बांधा. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.