गाडी, गिझर, शेगडी विजेवर आणताय? या चुका टाळा

पेट्रोल आणि गॅस सोडायचं ठरलं की लोक आधी वस्तू विकत घेतात. गाडी दारात येते, हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) बसतो, आणि भिंतीतल्या वायरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पुढच्या निम्म्या तक्रारी त्या वायरच्याच असतात.

गाडी जुन्या पॉवर सॉकेटला लावणं

युक्तिवाद ठरलेला: ‘गिझर चालतो ना यावर, मग गाडीला काय होतंय?’ गिझर थोड्या वेळात पाणी तापवून बंद होतो. ३.३ किलोवॅटचा चार्जर २३० व्होल्टला १४-१५ अँपिअर ओढतो, तोही तासन् तास. स्क्रू जरा सैल असेल आणि तिथे ०.१ ओहम रोध आला, तर १५ अँपिअरला २२ वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत तयार होते. प्लास्टिक मऊ पडतं, पिनेची पकड सुटते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. ‘एमसीबी आहे ना’ म्हणणाऱ्यांना हे पटवताना घसा कोरडा पडतो.

क्रमही नेहमी तोच. सुरुवातीला सगळं सुरळीत. मग चार्जिंग मध्येच थांबू लागतं. चार्जर खराब म्हणून बदलून घेतला जातो, नवाही थांबतो. खरं तर प्लगमधला तापमानाचा सेन्सर आपलं काम चोख करत असतो. मग कुणीतरी शहाणा मध्ये साधा अडॅप्टर घालतो. आता प्लग सॉकेटपासून लांब गेला, सेन्सरला उष्णता कळत नाही, चार्जिंग थांबत नाही आणि सगळे खूश. शेवटी जळका वास येतो म्हणून सॉकेट उघडावं, तर न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरच्या) स्क्रूपाशी वायरचं आवरण काळं, कडक होऊन तडकलेलं असतं.

उपाय एकच: डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या मुख्य पेटीपासून) स्वतंत्र लाइन. १६ अँपिअरला २.५ चौरस मिमीवर भागवणारे आहेत, पण ४ चौरस मिमी तांब्याची वायरच घाला. ३२ अँपिअरला किमान ६, अंतर लांब असेल तर त्याहून जाड. मध्ये जोड नको. बारीक तारांच्या वायरला टोकाशी फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची छोटी टोपी) दाबल्याशिवाय स्क्रूखाली घालू नका. पहिल्या चार्जिंगच्या वेळी अर्ध्या तासाने सॉकेटवर हात ठेवून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तिथेच बंद. महिन्याभराने मेन बंद करून वायरमनकडून स्क्रू पुन्हा आवळून घ्या. एक्स्टेंशन बोर्डाबद्दल बोलायचीही इच्छा नाही.

आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घेताना ‘एसी’ टाइप स्वस्त पडतो म्हणून उचलू नका. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर ‘ए’ टाइप, नसेल तर ‘बी’.

अर्थिंगचा लाल दिवा ‘घालवणं’

चार्जर अर्थ नाही म्हणतो, म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडायचे. दिवा जातो. पुढे कुठे न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. हे करणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका. अर्थिंगच नीट करून घ्या.

गरज नसताना मोठा चार्जर

मध्यम गाडी १०० किमीला साधारण १५ युनिट खाते. रोज ४० किमी म्हणजे ६ युनिट, ३.३ किलोवॅटवर दोन तासांच्या आसपास. गाडी रात्रभर उभीच असते. मग ७.४ किलोवॅट आणि त्यासाठी वीज कंपनीकडून वाढीव लोड कशाला?

हीट पंपला गिझरसारखं वागवणं

हीट पंप एका युनिटमागे सुमारे तीन युनिट उष्णता देतो, कारण ती हवेतून गोळा करतो. पण सावकाश. उतावळे लोक अंघोळीआधी अर्धा तास चालू करतात, पाणी तापत नाही, मग ‘बूस्ट’ दाबतात. बूस्ट म्हणजे आतली साधी कॉइल: एका युनिटला एकच युनिट. झाली सगळी बचत. ५०-५५ अंशांवर ठेवून दुपारी चालू द्या, टाकी उष्णता धरून ठेवते. जंतूंसाठी आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत जाऊ द्या. बंद कपाटात बसवू नका: स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढत बसतो. आणि निथळणाऱ्या पाण्याला नळी काढा.

बाकीच्या

इंडक्शनला भांडी घेण्याआधी बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच भांडं चालेल. चार चुलींच्या शेगडीला स्वतंत्र लाइन हवीच.

सोलर जुन्या बिलावरून मोजू नका. गाडी आणि हीट पंपची युनिटं आधी मिळवा. गच्चीवरल्या पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी साध्या सोलर इन्व्हर्टरवर पॅनेलांच्या त्या सगळ्या रांगेचं उत्पादन घसरतं.

दिवसा गाडी घरी असेल तर दुपारीच चार्ज करा. संध्याकाळी सगळ्यांचाच वापर वाढतो आणि ग्रिडवर बऱ्याचदा कोळसा किंवा गॅस जळतो.

आणि वीज गेल्यावर ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलर बंद पडलं म्हणून तक्रार करू नका. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम बंद होतं. तेव्हाही वीज हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड (सोलर, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.