मिठी नदीत प्राणवायू किती उरलाय, ते कसं मोजायचं

सांडपाण्यावरच्या प्रक्रियेत कसर राहिली की जिवाणू उरलेली घाण खाताना प्रवाहात पुढच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. माहीमच्या खाडीकडे नमुना घ्यायचा तर ओहोटी संपत आलेली असताना घ्या. भरतीला समुद्राचं पाणी आत शिरतं आणि आकडा उगाच गोड दिसतो.

३०० मिलीच्या काचेच्या बाटलीत नळी तळापर्यंत सोडून पाणी भरा, दोनतीन बाटल्यांइतकं वाहू द्या. बादलीतून धबधबा ओतलंत तर हवा मिसळली, नमुना गेला. बुडबुडा अडकला तरी तेच.

लगेच, जागेवरच, पिपेटचं (मोजून द्रव सोडायच्या नळीचं) टोक पाण्याखाली धरून २ मिली मँगनीज सल्फेट, मग २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. अझाइड टाळू नका, सांडपाण्यातलं नायट्राइट आकडा फुगवतं. (ते विषारी आहे, हातमोजे हवेतच.) बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी गाळ म्हणजे प्राणवायू आहे. गाळ पांढराच राहिला तर प्राणवायू जवळपास शून्य, पुढची मेहनत वाचली.

गाळ बसल्यावर २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून हलवा. बाटलीतलं २०० मिली घेऊन त्यात ०.०२५ नॉर्मल (तीव्रतेचं माप) थायोसल्फेटचं द्रावण थेंबथेंब सोडा. रंग फिका पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला. घाईने घातलं तर निळा रंग चिकटून बसतो. निळा गेला की थांबा. थायोसल्फेट जितके मिली लागलं, तितकाच लिटरमागे मिलिग्रॅम प्राणवायू. ४ च्या खाली बहुतेक माशांचे हाल सुरू होतात.