पुदिना शेवटी, ज्येष्ठमध त्याच्याही नंतर: चव घ्यायचं काम शिकताना

जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या ब्लेंडिंग युनिटमध्ये मी तीन वर्षांपूर्वी ट्रेनी म्हणून लागले. शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री, गाव अमळनेर. घरी सांगितलं की फ्लेवरवाले रॉयबॉस आणि काढ्यासारखे हर्बल ब्लेंड पिऊन बघायचं काम आहे, तर मोठमाय म्हणाली, "आनि त्याना पैसा देतस?" देतात, पण थोडे. पहिलं वर्ष तर गाडीच्या पेट्रोलातच गेलं, हे आधीच सांगून ठेवते.

रॉयबॉस म्हणजे काय हे वाचूनच तुम्ही या लाईनला आला असाल. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनच्या उत्तरेला सेडरबर्गचा डोंगराळ भाग आहे, तिथलं हे झुडूप, आपल्या हरभरा-तुरीच्याच कुळातलं, चहाच्या झाडाशी काही नातं नाही. कापून, चेचून, ओलं करून ढीग लावला की हवेने लाल होतं, तसं न करता वाळवलं तर हिरवं रॉयबॉस. कॅफिन नाही, तुरटपणा आणणारं टॅनिन कमी. नवीन माणसाने यातलं हे शेवटचंच लक्षात ठेवावं, कारण काळा चहा जास्त वेळ ठेवला तर कडू होऊन तोंडावर मारतो, तुम्हाला कळतं की काहीतरी चुकलं, रॉयबॉस मात्र दहा मिनिटं ठेवा, वीस ठेवा, तो गप्प बसतो. चूक झाली तरी कप गोडच लागतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. मला तसंच वाटलं होतं.

आता माझी फजिती. लांबण लागेल, पण मला हे कोणी लांबण लावून सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

पावसाळ्याचे दिवस, ट्रेमध्ये नऊ कप. मी सॅम्पल जसे रजिस्टरला नोंदलेले होते त्याच क्रमाने मांडले, कारण मला तेच शिस्तीचं वाटलं. दुसरा कप तुळस-ज्येष्ठमध, तिसरा-चौथा साधे रॉयबॉसचे लॉट, पाचवा पुदिना-रॉयबॉस, सहावा संत्रा आणि अंबाडी, सातवा पुन्हा साधा लॉट, आठवा-नववा दालचिनीवाले. तिसऱ्या-चौथ्याला मी लिहिलं "मधासारखा छान गोडवा". सहाव्याला लिहिलं "आंबटपणा दबलेला". सातव्याला लिहिलं "स्वच्छ, दोष नाही". तो सातवा लॉट गाडीतून येताना कुठेतरी ओल लागलेला होता. माझ्या सहीवर तो पास झाला, ड्रममध्ये गेला, त्यावर व्हॅनिला मारला, पॅक झाला आणि पंधरा दिवसांनी एका घाऊक गिऱ्हाईकाने कार्टन परत पाठवले, म्हणे कपात गोणपाटाचा वास येतो. कोरडं वास घेऊन बघितलं तर नुसता व्हॅनिला. गरम पाणी ओतलं की खालून गोणपाट वर. ओरडा कोणी केला नाही, तेच जास्त लागलं.

आमच्या सरांनी दुसऱ्या दिवशी तेच नऊ सॅम्पल पुन्हा लावले, फक्त क्रम उलटा केला. नवव्यापासून सुरू. दोन दालचिनीवाले झाले की मध्ये त्यांनी मला दहा मिनिटं बाहेर पिटाळलं, मग सातवा दिला, आणि मी कप नाकाजवळ नेला नाही तोच वास आला, पावसात भिजून घरात वाळत घातलेल्या पोत्याचा. तोच लॉट, तेच पाणी, तेच नाक. मग चौथा-तिसरा प्यायले तर मधबिध काही नाही, बऱ्यापैकी फिका माल होता. तो मध सगळा दुसऱ्या कपातल्या ज्येष्ठमधाचा, माझ्या जिभेवर बसलेला.

तर सापळा हा आहे. तुम्ही समोरचा कप चाखत नसता, मागच्या कपाची उरलेली चव आणि समोरचा कप दोन्ही मिळून चाखत असता आणि मार्क मात्र समोरच्याला देता. फ्लेवरवाल्या आणि जडीबुटीवाल्या मालात हे साध्या चहापेक्षा जास्त होतं आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या पद्धतीने फसवते. ज्येष्ठमधातला ग्लायसिरायझिन साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड, वर तो सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो, साखरेसारखा पटकन जात नाही, म्हणून पुढचे दोन-तीन कप फुकटात गोड होतात. पुदिन्यातला मेन्थॉल तर थंड नसतोच, तोंडात गारवा ओळखणारी जी नस असते ती तो चालू करून ठेवतो, आणि तो गारवा नाकापर्यंत भरलेला असताना ओलीचा बारीक वास कुठून कळणार. अंबाडीचं उलटं, आंबट पोटात गेलं की त्यानंतर साधं पाणीसुद्धा गोडसर लागतं. व्हॅनिलाची वेगळीच तऱ्हा, पॅकिंग हॉलमध्ये अर्धा तास उभं राहा, नाक त्याला सवयीने विसरून जातं आणि मग तुम्ही लिहिता "फ्लेवर कमी पडला".

आणि मिरची! हे खास आपल्या खान्देशातल्या मुलामुलींसाठी. हिवाळ्यात आदल्या रात्री शेतात भरीत पार्टी, सोबत कळण्याची भाकरी, ठेचा, आणि सकाळी साडेनऊला तुम्ही टेस्टिंगला. मिरचीतला कॅप्सेसिन जिभेला काही काळ बधिर करतो, वारंवार खाणाऱ्याला तर सवयच होते. मी ठेचा सोडलेला नाही आणि तुम्हीही सोडू नका, जो म्हणतो की टेस्टरने आयुष्यभर फिकं खावं त्याने खुशाल खावं. फक्त टेस्टिंगच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी नको. शेवभाजी नाश्त्याला तर नाहीच नाही.

उपाय काय, तर आधी साधा बेस, मग फळांचे फ्लेवर, मग आंबट, मग मसाले, मग पुदिना, आणि ज्येष्ठमध असेल तर अगदी शेवटी, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी. मध्ये कोमट पाणी, चवीला बिनमिठाचा पावाचा तुकडा किंवा कोरडे मुरमुरे, आणि घाई करायची नाही, नाक थकलं की स्वतःच्याच बाहीचा वास घ्यायचा, आपला वास नाकाला ओळखीचा असतो, ते जागेवर येतं. ट्रे एकदा संपला की उलट्या क्रमाने दुसऱ्यांदा प्यायचा, दोन्ही वेळचं लिखाण जुळलं नाही तर तिसऱ्यांदा. वेळ लागतो हो. सुपरवायझर डोळे वटारतो. वटारू दे, कार्टन परत आले की तो तुमचंच नाव सांगणार आहे.

अजून एक, एक सॅम्पल मुद्दाम दोनदा ठेवायला सांगा, तुम्हाला न सांगता. कपांवर नाव नको, तीन आकडी कुठलाही नंबर, ४१७, ९०२ असा, कारण १-२-३ लिहिलं की डोकं पहिल्याला चांगला समजतं. त्या जोडीला तुम्ही दोन वेगळे शेरे दिलेत तर घाबरू नका, सगळ्यांचं होतं, माझं पहिले चार महिने दर आठवड्याला झालं. पाचव्या महिन्यातही झालं, तेव्हा मी घरी जाऊन रडले होते.

मोजमापाचं थोडक्यात सांगते. चहा टेस्टिंगचं जे आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात १०० मिलीला २ ग्रॅम, उकळतं पाणी, ६ मिनिटं. आम्ही सगळ्याच ब्लेंडला तेच लावतो, चव चांगली यावी म्हणून नाही, दर वेळी सारखी यावी म्हणून. दूध-साखर नाही. डब्यातून चिमूट वरून उचलायची नाही, संत्र्याची साल आणि सफरचंदाचे तुकडे वर राहतात, रॉयबॉसची बारीक भुकटी तळाला जाते, डबा पालथा-उताणा करून मग घ्यायचं. कप फार गरम असताना तोंडाला लावायचा नाही, ६५ अंशाच्या वरचं पेय नेहमी पिणं कॅन्सरच्या दृष्टीने बरं नाही असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये सांगितलंय, आणि तसंही भाजलेल्या जिभेला काय कळतं. गार झाल्यावर परत एकदा प्या. हलक्या प्रतीचा फ्लेवर गार कपात उघडा पडतो, औषधाच्या बाटलीसारखा.

पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, किटलीत पांढरा थर बसतो. अंबाडीवाल्या ब्लेंडचा लालभडक रंग बोअरच्या पाण्यात जांभळट, मळकट होताना मी पाहिलाय आणि माल खराब समजून नापास केलाय. माल बिचारा बरोबर होता. एकच पाणी ठरवा, रोज तेच वापरा.

भुरका मारायला लाजायचं नाही. आवाज आला पाहिजे, हवा चहाबरोबर आत गेली की वास घशाकडून नाकात चढतो, अर्धी चव तिथेच असते. आणि थुंकायचं, बादली ठेवलेली असते. घरी सराव करायला गेले तर मोठी काकू म्हणाली पोरीला शिकवलं काय नि ही करते काय. पण नऊ कप गिळून बघा एकदा, मग कळेल.

शब्दांचं मात्र माझं स्वतःचं मत आहे आणि ते कोणाला पटलं नाही तरी चालेल. रॉयबॉससाठी स्टेलनबॉश विद्यापीठात चवचक्र, म्हणजे चवी-वासांच्या शब्दांचा गोल तक्ता, बनवलेलं आहे, त्यात मध, लाकूड, वाळलेलं गवत आणि तिकडच्या फिनबॉस झुडपांचा फुलासारखा वास असं सगळं आहे. चक्र उत्तम आहे, भिंतीवर लावा. पण फिनबॉस मी जन्मात हुंगलेलं नाही, मग मी ते पाठ करून लिहायचे आणि मनात काहीच उमटायचं नाही. शेवटी वहीच्या मागच्या पानावर माझी यादी केली. वाळलेलं गवत म्हणजे जानेवारीतला कडबा. कॅरॅमल म्हणजे गुऱ्हाळावरची काकवी. कुबट म्हणजे ते माझं पोतं. हिरवट म्हणजे केळीचं पान कापलं की हाताला येतो तो वास. रिपोर्टमध्ये इंग्रजी शब्दच लिहायचा, गिऱ्हाईकाला कडबा कळणार नाही, पण ओळखायचं कडब्यावरून.

गुरूंबद्दल. "जीभ जन्मजात असते" म्हणणाऱ्यापासून लांब राहा, तो स्वतःची जीभ मिरवतोय, तुम्हाला काही देणार नाही. त्याहून वाईट, तुम्ही लिहायच्या आधीच "यात जरा कुबट येतंय ना?" विचारणारा. त्याने विचारलं की तुम्हाला येणारच. आमचे सर सगळ्यांची वही बंद होईपर्यंत चेहरासुद्धा हलवत नाहीत, तेव्हा मला ते खडूस वाटायचे.

शनिवार-रविवारचे सर्टिफिकेट कोर्स असतात, फी बघून मला घाम फुटला. त्यापेक्षा पाचशेच्या आत काष्टौषधीच्या दुकानातून बडीशेप (आमच्याकडे सोप म्हणतात), सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध, वेलची, लाल अंबाडीची वाळलेली बोंडं आणा, गवती चहा परसात असेलच, आणि एकेक वस्तू एकटी भिजवून प्या, २ ग्रॅम, १०० मिली, ६ मिनिटं. ज्याला एकटी सुंठ ओळखता येत नाही तो ब्लेंडमधली काय ओळखणार. आणि हो, ज्येष्ठमध रोज पीत बसू नका, बीपीवाल्यांनी तर नकोच.

इंटरव्ह्यूत हल्ली एक प्रश्न येतो म्हणून सांगते, अन्न सुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआयने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलंय की 'टी' हा शब्द खऱ्या चहाच्या झाडाच्या मालालाच लावायचा, रॉयबॉस किंवा हर्बलला नाही. युरोपात तर २०२१ पासून रॉयबॉस हे नावच दक्षिण आफ्रिकेतल्या मूळ भागापुरतं राखीव झालंय. तेव्हा बोलताना "रॉयबॉस टी" तोंडातून निसटू देऊ नका, मी अजूनही निसटवते.

नोकरी टिकेल का असं विचाराल तर टिकते. तीन कप द्यायचे, दोन सारखे आणि एक वेगळा, वेगळा ओळखायचा, अशी परीक्षा आमच्याकडे दर महिन्याला असते. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून दहापैकी सात बरोबर आले तर तो तुक्का नाही असं धरतात. पहिल्या वर्षी माझे तीन-चार यायचे, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेवढेच आले असते. आता सात येतात, कधी सहा.

मागच्या आठवड्यात अमळनेरला गेले तेव्हा संत्रा-रॉयबॉस नेला होता, घरातल्या स्टीलच्या डब्यात भरला, सकाळी करून मोठमायला दिला. मी आधी पिऊन पाहिलं होतं, मला छान वाटला, शेपटाला कुठेतरी गोडसर फुलासारखं, मी मनात शब्दसुद्धा शोधत होते. मोठमायने एक भुरका मारला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "या डबामा आधी सोप ठेयेल व्हती का वं?"

होती.